हेपॅरिन मोजायचं फ्लोरोसंट पॉलिमरवालं किट, वापरून झालं

लॅबमध्ये हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, मोजायला हे किट वापरतोय आणि खरं सांगतो, जाम आवडलंय. पॉलिमरवर पॉझिटिव्ह चार्ज, हेपॅरिनवर भरपूर निगेटिव्ह, मग दोघं लगेच चिकटतात आणि यूव्हीखाली निळा उजेड हिरव्याकडे सरकतो, हेपॅरिन जेवढं जास्त तेवढा हिरवा जास्त. एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायची नेहमीची टेस्ट) लिव्हर बिघडलं तरी वाढतो, इथे थेट औषधच पकडलं जातं ना! फक्त सॅम्पल हिमोलाइज झालेलं असलं, म्हणजे त्यातल्या लाल पेशी फुटलेल्या असल्या, की हिमोग्लोबिनच उजेड खातं आणि रीडिंग गंडतं, म्हणून प्लाझ्मा लालसर दिसला की मी सरळ नवीन सॅम्पल मागवतो. लो मॉलिक्युलर वेट हेपॅरिनला (लहान रेणूंचा हेपॅरिनचा प्रकार) वेगळा कॅलिब्रेशन कर्व्ह, म्हणजे रीडिंगवरून प्रमाण काढायचा आलेख, लागतो, ते माहितीपत्रकात ठळक छापायला हवं होतं. डोस ठरवायचा असेल तर अँटी-टेन-ए (हेपॅरिनचा परिणाम मोजायची प्रचलित टेस्ट) सोबत ताडून बघाच.