एकाच तेलात दोघं: मिनीचं इंजिन-गिअरबॉक्स दुसऱ्यांदा बांधलं, त्याला चौदा महिने झाले

गाडी १९८३ ची मिनी मेफेअर, ९९८ सीसी, चार गिअर. काम केलं ते इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग) आणि क्लच, म्हणजे सगळंच. त्यानंतर गाडी ४,२०० मैल चालली. जागा म्हणजे बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला आमच्या घरालगतचं एका गाडीचं गॅरेज. त्यात जादाचा फ्रीज, गवत कापायचं यंत्र आणि बायकोचे फराळाचे मोठे डबेही मुक्कामाला असतात. ही मिनी जिथं जोडली गेली तो लाँगब्रिजचा कारखाना इथून हाकेच्या अंतरावर होता. आता त्या जागेवर दुकानं आणि एक कॉलेज आहे.

शीर्षकात 'दुसऱ्यांदा' लिहिलंय, कारण पहिल्यांदा मी अर्धंच काम केलं. ते का फसलं हे सांगण्यासाठीच हा लेख.

मिनी उघडून बघितली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९५६ च्या सुएझच्या भानगडीनंतर इंग्लंडात पेट्रोलची टंचाई झाली आणि ॲलेक इसिगोनिस यांच्याकडे छोट्या गाडीचं काम आलं. गाडीची लांबी जेमतेम दहा फूट आणि आत माणसं चार. मग इंजिन आडवं बसवलं. तरीही गिअरबॉक्सला जागा उरेना, म्हणून तो इंजिनाच्या पोटाखाली, तेलाच्या टाकीतच घातला. १९५९ च्या ऑगस्टमध्ये गाडी बाजारात आली आणि २००० मध्ये बंद होईपर्यंत ही रचना तशीच राहिली. इंजिनाचं तेल तेच गिअरचं तेल, तेच डिफरन्शियलचं.

बाबांना हे व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांनी आयुष्यभर लेथ चालवला, ऑइल इंजिनांची कामं केली.

"म्हणजे मोटरसायकलसारखं की रे. एकाच तेलात दोघं."

"हो बाबा."

"मग एकाला ताप आला की दुसऱ्याला येणारच. दोन्ही खोल."

मी दोन्ही खोललं नाही. इंजिन धूर ओकत होतं, ते केलं. बोअर, म्हणजे पिस्टन चालतो ती नळी, वीस थाउनं (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवून नवे पिस्टन घातले, क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणारा मुख्य दांडा, दहा थाउ घासून घेतला, नवी बेअरिंगं टाकली. हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवून घेतल्या, कारण इथं शिशाचं पेट्रोल २००० सालापासून बंद आहे आणि १९८३ च्या हेडच्या मूळ सीट त्याच पेट्रोलच्या भरवशावर होत्या. गिअरबॉक्समध्ये दुसरा गिअर टाकताना खर्रर्र व्हायचं. पण 'चालतंय की' म्हणून तो रॉकेलनं धुतला आणि तसाच परत लावला. दोन-तीनशे पौंड वाचल्याचं समाधान १,९०० मैल टिकलं.

मग सिग्नलला थांबलं की तेलाचा दिवा मिणमिणायला लागला. गाडी गार असताना काही नाही, तापली की सुरू. तेल काढलं तर ड्रेन प्लगच्या चुंबकावर नेहमीची करडी भुकटी होती, पण तिच्यात नखाच्या तुकड्यांसारख्या चमकत्या सळया उभ्या होत्या. फोटो बाबांना पाठवला. उत्तर एका ओळीचं आलं: "भुकटी चालते, सळया चालत नाहीत."

परत सगळं बाहेर. गिअरबॉक्समधल्या लेशाफ्टवर, म्हणजे मधल्या गिअरांच्या दांड्यावर, जिथं नीडल रोलर (सुईसारखे बारीक बेअरिंग रोलर) फिरतात, तिथं पावसाळ्यात भिंतीचे निघतात तसे पोपडे निघाले होते. या गिअरबॉक्सचं हे जुनं दुखणं आहे. ते पोलादी पोपडे तेलातून आधी पंपात जातात आणि मग फिल्टरला. तेल गार आणि घट्ट असलं किंवा फिल्टर तुंबला, की त्याचा बायपास उघडतो आणि न गाळलेलं तेल थेट बेअरिंगवर पोचतं. पंपात ओरखडे पडले होते. बिग एंडच्या (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथल्या) नव्याकोऱ्या बेअरिंग-शेलवर नख अडकेल अशा रेघा होत्या. क्रँक दहावरून वीस थाउवर गेला. बोअर आणि पिस्टन तेवढे वाचले.

आता कामाविषयी. पहिली गोष्ट पान्यांची. या गाडीला मिलिमीटरचे पाने बसत नाहीत, सगळा इंचाचा कारभार. इथल्या तरुण पोरांना सात-सोळांश म्हटलं की ती फोनवर बघतात. आपल्याकडे उद्यमनगरात वाढलेल्याला ते साडेतीन सुती, चार सुती, साडेचार सुती असं बरोबर डोक्यात बसतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बाबांनी निम्मा संच कुरियरनं पाठवला, आणि त्याचं कुरियरचं बिल पान्यांच्या किमतीपेक्षा जास्त झालं.

दुसरी गोष्ट फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकावरचं जड चाक. हे काम कुणी हलक्यात घेऊ नये. ते क्रँकच्या निमुळत्या टोकावर दाबून बसवलेलं असतं आणि बोल्ट ११० फूट-पाउंडला आवळलेला. काढायच्या आधी पहिला आणि चौथा पिस्टन वर येईल असा क्रँक फिरवून ठेवायचा. नाहीतर आतला इंग्रजी सी अक्षराच्या आकाराचा वॉशर खाली घसरतो, अडकतो आणि फ्लायव्हील जन्मात निघत नाही. मधला बोल्ट दोन-तीन आटे सैल करून तसाच ठेवायचा, पूर्ण काढायचा नाही. मग पुलर लावायचा, आवळायचा, मागच्या टोकावर हातोडीचा एक ठोका द्यायचा, परत आवळायचा. मी पाऊण तास हे करत होतो. काहीच होईना म्हणून चहा प्यायला आत गेलो, आणि स्वयंपाकघरात असताना गॅरेजातून सुरुंग उडाल्यासारखा आवाज आला. फ्लायव्हील आपणहून सुटलं होतं. तो बोल्ट तिथं नसता तर ते थेट डब्यांच्या फळीवर गेलं असतं.

गिअरबॉक्स मी स्वतः बांधला, आणि पूर्ण कामात खरा वेळ तिथंच गेला. नवा लेशाफ्ट, नीडल रोलर, सगळ्या बॉक रिंगा (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या), बेअरिंगं आणि डिफरन्शियलची मधली पिन. पिन दिसायला ठीक होती, पण मायक्रोमीटरनं झिज दाखवली. ती तुटली तर अख्खं कवच फोडून बाहेर येते, म्हणून तिथं काटकसर केली नाही. तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या हबमध्ये स्प्रिंगवर बसणाऱ्या तीन छोट्या गोळ्या असतात. हब सरकवताना प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून सरकवा. मी दुसऱ्या प्रयत्नात गुंडाळली. पहिल्या प्रयत्नातली एक गोळी फ्रीजखाली आहे आणि अजून तिथंच आहे.

शाफ्टची आडवी चाळ, म्हणजे सैलपणा, थाउच्या हिशोबात ठेवावी लागते आणि त्यासाठी वेगवेगळ्या जाडीच्या चकत्या मिळतात. आयडलर गिअर तर तीनदा लावून काढला. इंजिनाची ताकद खालच्या गिअरबॉक्सपर्यंत नेणारा हा मधला गिअर आहे. त्याची चाळ पॅकिंग दाबलं गेल्यावर जेवढी राहते तेवढीच खरी. एका संध्याकाळी नुसत्या फीलर गेजवर दीड तास गेला. बायको जेवायला बोलावून थकली आणि शेवटी ताट गॅरेजात आणून ठेवलं. पिठलं गार, भाकरी तेलकट हातानं. ते काम मात्र बरोबर झालं.

एक साधी गोष्ट राहून जाते, ती सांगून ठेवतो. इंजिन गिअरबॉक्सवर बसवण्याआधी तेलाच्या वाटेवरची छोटी ओ-रिंग लावली का, ते दोनदा बघा. ती राहिली तर पंप हवा ओढतो, आणि मग सगळं पुन्हा वेगळं करण्याशिवाय इलाज नाही.

क्रँकचं काम बाहेरून करून घेतलं. बाकी सुटे भाग धरून दुसऱ्या वेळचा खर्च साधारण १,६०० पौंड झाला. पहिल्या वेळचे वाया गेलेले वेगळे, ते मी मोजत नाही. पॅकिंगचा जो संच घेतला त्यातली तेलसीलं हलक्या प्रतीची निघाली. विकणाऱ्याला कळवलं, तर त्यानं दुसरी पाठवली आणि तीही तशीच. सीलं चांगल्या ठिकाणाहून सुटी घ्या, संचातली वापरू नका.

आता चौदा महिन्यांनंतरचं. पहिल्यांदा चालू केल्यावर कॅमशाफ्ट नीट रुळावा म्हणून वीस मिनिटं दोन हजार आरपीएमवर ठेवलं. शेजारच्या आजींनी खिडकीचा पडदा सारून बघितलं, मी हात जोडले. पाचशे मैलांना तेल बदललं, हेड पुन्हा आवळलं, टॅपेटची फट बारा थाउवर लावली. तेल साधं खनिज वीस-पन्नास (20W-50). आपल्याकडे कुठल्याही कोपऱ्यावर मिळतं, इथं मागवावं लागतं. जवळजवळ पाच लिटर लागतं, आणि ते तीन हजार मैलांच्या आत बदलायचंच, कारण त्यात गिअरचं दळणही पडत असतं.

तापल्यावर तेलाचा दाब चालताना साठ पीएसआयच्या आसपास, गाडी थांबून इंजिन मंद चालत असताना पंचवीस. दिवा अजून मिणमिणला नाही. चुंबकावर फक्त भुकटी. दुसरा गिअर थंडीतल्या सकाळी पहिल्या अर्ध्या मैलात थोडा जड जातो, नंतर लोण्यासारखा. इंजिन मंद चालताना खडखड ऐकू येते आणि क्लच दाबला की थांबते. ती आयडलर गिअरची सवय आहे, बिघाड नाही. मात्र हे कळेपर्यंत माझी एक रात्र झोपेविना गेली.

पेट्रोल गॅलनला ४१ मैल, म्हणजे लिटरला साडेचौदा किलोमीटर. १०% इथेनॉलचं साधं पेट्रोल टाळतो. ५% वालं महाग पडतं, पण जुन्या रबरी नळ्यांना बरं. ताकद ४० हॉर्सपॉवर. मोटारवेवर ताशी साठ मैलांपर्यंत मजेत, त्यापुढं गाडीत बोलायचं तर ओरडून बोला. डिस्ट्रिब्यूटर बरोबर जाळीच्या मागं असल्यानं मुसळधार पावसात एकदा बंद पडली. भांडी घासायचा रबरी हातमोजा, बोटांतून वायरी काढून, त्यावर चढवलाय. जुन्या मिनीवाल्यांचा हा घरगुती उपाय आहे आणि तो चालतो. चाळीस वर्षं झाल्यामुळं दरवर्षीच्या एमओटी तपासणीची सक्ती नाही, तरी मी करून घेतो. खालून दुसऱ्या माणसानं बघितलेलं बरं.

गळती आहे. गिअर रॉडच्या सीलमधून, इंजिनाच्या पाठीमागं, अगदी हात न पोचणाऱ्या जागी. रात्रीत दोन-तीन थेंब. ते सील इंजिन बाहेर असताना बदललं होतं, पण संचातलंच. तेवढ्यासाठी परत इंजिन काढणार नाही. खाली पुठ्ठा टाकलाय आणि दर रविवारी बदलतो.

करावं का? ज्यांना शनिवार-रविवार मोकळे आहेत, घरात मायक्रोमीटर आहे आणि चिडचिड कमी आहे, त्यांनी करावं. बाकीच्यांनी बांधलेलं तयार युनिट बदलून घ्यावं. पण इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही एकदमच घ्या. 'आत्ता इंजिन, पुढच्या वर्षी गिअरबॉक्स' असा बेत ज्यांच्या मनात असेल त्यांनी आधी माझे ते रेघा पडलेले शेल बघायला यावं, मी बरणीत ठेवलेत.

मे महिन्यात बाबा येतायत, तेव्हाच पुढचं तेल बदलायचंय. ड्रेन प्लग ते स्वतः काढणार. त्यांनी बघेपर्यंत चुंबक पुसायचं नाही, असा फोनवर हुकूम झालाय.