वावरातल्या सेन्सरसाठी नॅनो शाई चांदीची घ्यायची का तांब्याची?

पऱ्हाटीच्या वावरात ओल मोजायचा सेन्सर प्लास्टिकच्या शीटवर छापायचा म्हटलं की प्रोजेक्टवाली पोरं तांब्याच्या नॅनो शाईकडेच (धातूचे अतिबारीक कण घातलेली, करंट नेणारी शाई) झुकतात, कारण स्वस्त. थांबा भाऊ, आधी तुमच्या लॅबमध्ये तापवायची सोय काय आहे ते पाहा.

कागदावर दोघांत फरक नाहीच म्हणा ना. चांदीची रोधकता (धातू करंटला किती अडवतो ते, कमी तेवढी चांगली) 1.59 मायक्रोओहम-सेंटिमीटर, तांब्याची 1.68, म्हणजे 10 सेंटिमीटर लांब, 1 मिलिमीटर रुंद, 1 मायक्रॉन जाड रेघ ठोस चांदीची असली तर 1.6 ओहम, तांब्याची 1.7. पण शाईत ठोस धातू कुठं असतो, सुटे कण असतात अन् ते गोळा होऊ नयेत म्हणून प्रत्येकावर सेंद्रिय थर, त्यातून करंट जात नाही. म्हणून रेघ नुसती सुकली तर मल्टीमीटर जवळपास ओपनच, म्हणजे रेघ तुटल्यासारखी दाखवतो, तापवली की थर निघतो, कण एकमेकांना जुळतात अन् आकडा धडाधड खाली येतो. चांदी वितळते 962 डिग्रीला, पण नॅनो कण 150 च्या आसपासच जुळायला लागतात, कारण बारीक कणात पृष्ठभागावरचे अणू जास्त अन् ते लवकर जागा सोडतात. तरी मधे पोकळ्या राहतातच, त्यामुळे ठोस चांदीच्या दोन-चार पट रोध धरूनच डिझाइन करा.

तांब्याचं दुखणं इथंच आहे. हवेत तापवलं की ऑक्साइड होतो, अन् कण जेवढा बारीक तेवढा लवकर, मग रेघ दिसते चांगली पण करंट नेत नाही. त्याला नायट्रोजनसारखा गॅस लागतो, नाहीतर झेनॉन फ्लॅश, म्हणजे झेनॉन दिव्याचा जोरदार झोत, जो मिलिसेकंदात कण जुळवतो अन् ऑक्साइडला वेळच देत नाही. ही सोय असेल तर तांबं बिनधास्त घ्या. साधा ओव्हनच असेल तर चांदी, अन् शीट साध्या पीईटीची (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) असेल तर 120-150 च्या वर नेऊ नका, वाकडी होते.

सोनं गंजत नाही, पण 2.44 रोधकता अन् त्याचा भाव पाहता वावरासाठी काऊन घ्यायचं?

चांदीतही एक खोट आहे अन् आपल्या पावसाळ्यात ती नक्की नडते. ओल अन् डीसी व्होल्टेज एकत्र आले की चांदीचे आयन एका रेघेतून दुसरीकडे सरकतात, झाडाच्या मुळ्यांसारखे फाटे फुटतात अन् शॉर्ट होतो. म्हणून रेघांवर वॉटरप्रूफ कोटिंग मारा, सेन्सरला डीसी न देता एसी सिग्नल द्या, अन् मातीला लागणारा उघडा भाग कार्बन शाईनं छापा.