पेटी घ्यायची की कीबोर्ड? रविवारच्या भक्तीला जुनी गीतं की नवीन आराधना

नवापूरकडच्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीतून (चर्चमधून) मागच्या आठवड्यात फोन आला. नवीन हॉल झालाय, पत्र्याचा, साठ-सत्तर माणसं बसतील एवढा, आणि कमिटीत दोन गट पडलेत. वडीलधारे म्हणतात पेटी-तबला आणि उपासना संगीत (आपलं जुनं मराठी गीतांचं पुस्तक), तरुण संघ म्हणतो कीबोर्ड, ड्रम आणि स्क्रीनवर नवीन गाणी. मी भुसावळला बरीच वर्षं भक्तीत पेटी वाजवतोय, मधे चार वर्षं कीबोर्डपण वाजवला, म्हणून मला विचारलं. फोनवर सगळं बोलणं झालं नाही, ते इथे लिहितो, इतर मंडळ्यांनाही उपयोगी पडेल.

आधी जुन्याचं. उपासना संगीतात गीतं विषयानुसार लावलेली आहेत, ख्रिस्तजन्म, दुःखसहन, पुनरुत्थान, प्रभुभोजन, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू, त्यामुळे पाळकसाहेबांनी संदेशाचा विषय शनिवारी रात्री नऊला सांगितला तरी गीत सापडतं. नवीन गाण्यांत स्तुतीची गाणी ढीगभर, पण पापकबुलीचं किंवा प्रभुभोजनाचं शोधायला बसा, हाताला फार कमी लागतं. आणि मातीला जातो तेव्हा काय? दफनभूमीत ना स्क्रीन असते ना स्पीकर. आमच्याकडे एका रेल्वेतल्या काकांच्या मातीला आमची पोरं गप्प उभी होती, त्यांना तीस-चाळीस गाणी पाठ असतील, पण खड्ड्याच्या कडेला उभं राहून म्हणावं असं त्यांत एकही नव्हतं. शेवटी महिला मंडळातल्या बायांनी गीत धरलं आणि पाचही कडवी पुस्तक न उघडता म्हटली. त्या दिवसापासून मी नवीन गाणं निवडताना हे डोक्यात ठेवतो.

पण जुनं जुनं म्हणतो त्यातही दोन प्रकार आहेत. बरीच गीतं इंग्रजी गीतांची भाषांतरं, चालीपण तिकडच्याच. दुसरी आपल्याच वळणाची. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 ला झाला, आणि पुढे त्यांनी अभंग, ओवी, भजनाच्या वळणाची जी गीतं लिहिली ती त्या काळच्या मंडळीला नवीनच होती. म्हणून गिटार परदेशी आहे म्हणून नको, हे मला पटत नाही, आणि जुनी गीतं म्हणजे साहेबांची गाणी असं पोरं म्हणतात तेही पटत नाही. (टिळक 1919 ला गेले, त्यामुळे त्यांचे शब्द मंडळीच्या पुस्तिकेत छापायला अडचण नाही. नवीन गाणी मात्र छापायची असतील किंवा भक्ती यूट्यूबवर लाइव्ह करत असाल तर परवानगीचं आधी बघून घ्या.)

आता नवीनचं. दोन-चार ओळी, त्याच परत परत, लोक याला नावं ठेवतात, पण आपल्या खान्देशातल्या मंडळीत ज्यांना वाचता येत नाही अशा आया-बाया पुढेच बसलेल्या असतात, त्यांना दोन फेऱ्यांत गाणं येतं. पाच कडव्यांचं गीत, त्यात पतितपावन, भवसागर असे शब्द, घरी मावची (नवापूरकडची आदिवासी बोली) बोलणाऱ्या आजीला ते परकंच वाटतं आणि इंग्लिश मीडियमच्या पोराला पण. आमच्याकडे अमळनेरकडून आलेल्या एक मावशी सरळ म्हणाल्या, "भाऊ, हाई गानं आमले येत नही." बायबलात पौल करिंथकरांना लिहितो की आत्म्याने गाईन आणि बुद्धीनेही गाईन, मग शब्द कळायला नकोत का? यात नवीन गाणं पुढे आहे, पण ते मराठीत, अहिराणीत नाहीतर मावचीत असेल तरच. यूट्यूबवरून हिंदी गाणं जसंच्या तसं उचललं तर तीच अडचण परत.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पट्टीचा, आणि त्यावर कमिटीत कोणी बोलतच नाही. रेकॉर्डिंगमधला गायक एकटा, तयारीचा, वरच्या पट्टीत गातो आणि आपली पोरं तीच पट्टी धरतात. एका रविवारी मी वाजवताना मान वर करून बघत होतो, मुखड्याला सगळ्या बायका गात होत्या, अंतरा वर चढला तशी एकेकीचे ओठ मिटत गेले, दुसऱ्या ओळीला फक्त माइकवालेच गात होते. पुढच्या रविवारी तेच गाणं दोन सूर खाली घेतलं आणि हॉल भरून आवाज आला. जुन्या गीतांना हा त्रास कमी, कारण ती सगळ्यांनी मिळून म्हणायलाच बांधलेली, उड्या छोट्या, श्वास घ्यायला जागा.

वाद्यांचं थोडक्यात सांगतो. पत्र्याच्या हॉलात ड्रमसेट नको, आवाज आदळून परत येतो आणि शब्द कळत नाहीत, ढोलकी किंवा कॅहॉन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) पुरतं. कीबोर्ड घेतला की स्पीकर, मिक्सर, इन्व्हर्टर मागोमाग येतातच, आणि लाइट गेली की सगळं बंद. पेटीला फक्त धुळीपासून जपा, मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो तेव्हा पत्र्याखाली ठेवू नका, घरी न्या.

तुमच्या जागी मी असतो तर पहिलं वर्षभर पेटी-ढोलकीवर काढलं असतं. सुरुवातीला आणि प्रभुभोजनाला उपासना संगीतातलं गीत, संदेशाआधी दोन नवीन गाणी, आणि महिन्याला एकच नवं शिकवायचं, तेही भक्तीच्या आधी दहा मिनिटं नुसतं म्हणून दाखवून. तरुण संघाला सांगा की महिन्यातून एक जुनं गीत तुम्ही बसवा, ठेका तुमचा, शब्द तेच. पोरं असं काम मनापासून करतात, मी बघितलंय.

कीबोर्डसाठी वर्षभर थांबलं तरी चालेल. पेटी मात्र स्केलचेंजर, म्हणजे पट्टी बदलता येते ती घ्या, आणि दुकानात जाताना महिला मंडळातल्या दोघी-तिघींना सोबत न्या, त्यांना तिथेच गायला लावा आणि त्यांच्या गळ्याला कुठली पट्टी बसते ते वहीत लिहून आणा.