बजी, बर्क, क्वेकर की रिंगनेक?

छोटा पोपट घ्यायचा म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "हा बोलतो का?" बोलणं त्या त्या पक्ष्यावर अवलंबून असतं, शंभर वेळा शिकवूनही एखादा तोंड उघडत नाही. आयुष्य आणि आवाज मात्र बऱ्याच अंशी जातीवरच ठरतात, म्हणून मी निवड या दोन गोष्टींवरून करायला सांगेन.

पहिल्यांदाच पक्षी पाळणार असाल तर माझं मत सरळ बजीला. मूळ ऑस्ट्रेलियाचा, सुमारे 18 सेंटिमीटर लांब, वजन जेमतेम 30-40 ग्रॅम. नीट सांभाळला तर पाच ते दहा वर्षं सोबत करतो, कधी त्याहूनही जास्त. दिवसभर किलबिलतो, पण कर्कश ओरडत नाही. आणि बोलण्यात तो कुणापेक्षा कमी नाही: पक नावाच्या एका बजीच्या नावावर 1,728 शब्दांचा गिनीज विक्रम आहे. फक्त त्याचं बोलणं बारीक आणि भरभर असतं, कान देऊन ऐकावं लागतं. नर मादीपेक्षा जास्त बोलतात. वयात आलेल्या नराच्या नाकपुड्यांभोवतीचा भाग निळा, तर मादीचा तपकिरी असतो. पूर्ण पिवळ्या किंवा पांढऱ्या पक्ष्यांत मात्र ही खूण फसवते. बजी थव्यात राहणारा जीव आहे. घर दिवसभर रिकामं राहत असेल तर एकटा ठेवू नका, जोडी घ्या. जोडीतले पक्षी माणसाशी कमी बोलतील, पण सुखी राहतील, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

बर्कही ऑस्ट्रेलियाचाच. पोटाला सुंदर गुलाबी छटा, आवाज अगदी मंजुळ. पहाटे आणि संधिप्रकाशात तो सर्वांत चपळ असतो, त्यामुळे दिवसभर बाहेर असणाऱ्यांशी त्याचं वेळापत्रक छान जुळतं. तो बोलत नाही, खेळण्यांचं वेडही फारसं नाही. शेजाऱ्यांच्या भिंती पातळ असतील तर हाच घ्या.

क्वेकर हा दक्षिण अमेरिकेचा, हुशार आणि बोलका. काटक्यांचं घरटं बांधणारा एवढाच पोपट, आणि पाळल्यावरही ही ओढ जात नाही: हाती लागेल ते पिंजऱ्याच्या जाळीत विणत बसतो. तो पिंजरा तो स्वतःचं राज्य समजतो, आत हात घातला की चावतो. रागवून उपयोग नाही. त्याला आधी बाहेर काढायचं आणि मगच साफसफाई करायची. पंधरा-वीस वर्षं हे जमणार असेल तरच विचार करा. रानात सुटले की क्वेकरचे थवे वाढत जातात, म्हणून काही ठिकाणी तो पाळायला कायद्याने मनाई आहे.

रिंगनेक दिसायला सगळ्यांत देखणा: शेपटीसकट सुमारे 40 सेंटिमीटर, नराच्या गळ्यात कंठ, म्हणजे मानेभोवतीचं कडं. पण हा कंठ उमटायला दोन-तीन वर्षं लागू शकतात, त्यामुळे पिल्लू घेताना नर की मादी हे नुसतं पाहून कळत नाही. शब्द स्पष्ट उच्चारतो, हाकही तेवढीच तीक्ष्ण. वयात येताना काही महिने तो उगाच चोच उगारतो, फिस्कारतो, आणि याच काळात घाबरून लोक त्याला हाताळणं सोडतात. तसं सोडलं की तो माणसापासून दुरावतो. पंचवीस वर्षं आणि त्याहून जास्त जगणाऱ्या पक्ष्याचं असं होणं फार वाईट. घरात रोज एक-दोन तास त्याच्यासाठी देणारं माणूस नसेल तर रिंगनेक घेऊ नका. घेतलात तर पिंजऱ्यात जन्मलेलाच घ्या, रानातून पकडलेला कधीही नाही, आणि तुमच्याकडे तो पाळायला परवानगी आहे का हे आधी तपासा.

चौघांपैकी कोणीही आला तरी नुसत्या दाण्यांवर ठेवू नका, यकृतात चरबी साठते. पेलेट (पक्ष्यांसाठी तयार मिळणारं गोळ्यांचं खाद्य) आणि पालेभाज्या हव्यातच. आणि नॉनस्टिक भांडं फार तापलं तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, तेव्हा पिंजरा स्वयंपाकघरात ठेवायचा नाही.