‘पेज वाढवून देतो’ म्हणणाऱ्या एजन्सीने आमचे जाहिरातीचे पैसे कसे खाल्ले

गणपती जवळ आले की ठाण्यातल्या घरगुती फराळवाल्यांना, केकवाल्यांना, साड्या विकणाऱ्यांना एक ठरावीक फोन यायला लागतो. “ताई, तुमचं पेज बघितलं. माल चांगला आहे, पण रीच नाही. आम्ही वाढवून देतो.” सगळेच फोन करणारे लबाड नसतात, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या बाबतीत जे झालं ते जसंच्या तसं लिहितेय, कारण नंतर चौकशी केल्यावर घोडबंदरच्या एका केकवालीला आणि कोपरखैरण्याच्या एका कुर्तेवालीलाही याच पद्धतीने लुबाडल्याचं कळलं. पद्धत कळली तर बाकीच्यांचे पैसे तरी वाचतील.

मी आणि माझ्या जाऊबाई पाचपाखाडीत घरूनच भाजणी, मेतकूट, मसाले आणि दिवाळीला फराळ करतो. इन्स्टाग्रामवर दोन हजारांच्या आसपास फॉलोअर्स होते. बहुतेक ठाणे, मुलुंड, डोंबिवलीचे, थोडे पुण्याचे. नौपाड्यातल्या एका प्रदर्शनात आमच्या टेबलापाशी एक तरुण आला, चकली चाखली, कार्ड ठेवून गेला. वाशी स्टेशनजवळ त्यांचं ऑफिस. आम्ही दोघी जाऊन बघून आलो. लॅपटॉपवर काम करणारी मुलं, भिंतीवर क्लायंटचे लोगो, हातात छापील करारपत्र. “ताई, तुम्ही फक्त भाजणी भाजा, बाकीचं आमच्यावर सोडा,” असं तो म्हणाला. महिन्याची फी 15,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी, आणि जाहिरातींसाठी वेगळे 20,000. असं दिवाळीपर्यंत तीन महिने. जाहिरातीचे पैसे त्यांच्याच खात्यात भरायचे, म्हणजे ते पुढे फेसबुकला भरणार.

पहिल्याच महिन्यात फॉलोअर्स अकरा हजारांवर गेले. चकलीच्या भाजणीच्या पोस्टखाली “नाइस पिक डिअर”, “ऑसम ब्रो” अशा कमेंट येऊ लागल्या. भाजणीला कोण ब्रो म्हणतं? जाऊबाईंना तेव्हाच खटकलं होतं. मी इन्साइट्समध्ये, म्हणजे इन्स्टाग्राम खात्याची आकडेवारी दाखवतं तिथे, फॉलोअर्सची शहरं उघडली, तर वरच्या पाचांत ठाणे दिसेना. जकार्ता होतं, लागोस होतं, आणि काही अशी नावं की नकाशात शोधावी लागली. विचारलं तर उत्तर आलं, “सुरुवातीला अल्गोरिदम असाच फिरतो, ताई, नंतर सेटल होतो.” हे साफ खोटं आहे. अशा फॉलोअर्सची घाऊक विक्री होते, आणि इन्स्टाग्रामने तर 2018 मध्येच जाहीर केलं होतं की बाहेरच्या अ‍ॅप्सनी वाढवलेले लाइक, फॉलो आणि कमेंट आम्ही काढून टाकू.

यात नुसते पैसे जातात असंही नाही, खातंही खराब होतं. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी 2025 च्या जानेवारीत सांगितलं होतं की पोस्ट किती लोकांपर्यंत जाणार हे ठरताना लोक ती किती वेळ बघतात, बघणाऱ्यांपैकी किती जण लाइक करतात आणि किती जण पुढे पाठवतात, या तीन गोष्टींना फार महत्त्व असतं. विकतचा फॉलोअर यातलं काहीच करत नाही. आमची मुलुंडची नेहमीची गिऱ्हाइकं नंतर म्हणाली, “तुमच्या पोस्ट दिसायच्याच बंद झाल्या, आम्हाला वाटलं काम थांबवलंत.”

मजकुराचीही तीच तऱ्हा. करारात ‘ओरिजिनल कंटेंट’ असा शब्द होता. आमच्या स्वयंपाकघरात शूटिंगला कोणी आलंच नाही, तरी रील मात्र पडत होत्या. एक दिवस सांगलीच्या एका बाईंचा मेसेज आला, “ताई, या चकल्या माझ्या आहेत. ताटाच्या कडेला माझी हिरवी बांगडी दिसतेय बघा.” मी फोटो मोठा करून पाहिला. खरंच काठाशी बांगडीचा तुकडा होता, आणि कोपऱ्यातलं त्यांचं नाव पुसल्याचा धुरकट डाग. त्यांची माफी मागून ती पोस्ट त्याच रात्री काढायला लावली. स्वतःच्या हातच्या चवीवर उभ्या असलेल्या धंद्याच्या नावाखाली दुसऱ्या बाईच्या कष्टांचा फोटो जावा, याचा मला आजही संताप येतो.

पण खरी लूट जाहिरातीच्या पैशात होती. दर महिन्याला आम्हाला एक स्क्रीनशॉट यायचा. कॅम्पेनचं नाव ‘दिवाळी फराळ ठाणे’, खर्च बरोब्बर 20,000.00, रीच 1,84,000, व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू झालेले मेसेज 412. फोनवर मात्र रोजच्यासारखेच चार-दोन मेसेज. माझा भाचा ऐरोलीला एका कंपनीत जाहिरातींचंच काम करतो. तो रविवारी आला आणि माझा फोन घेऊन बसला. म्हणाला, “मावशी, जाहिरातीवरून जो मेसेज येतो ना, त्याच्या वर जाहिरातीच्या फोटोचं छोटं कार्ड दिसतं. तुझ्या एकाही चॅटवर ते नाहीये.” मग त्याने मेटाची, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीची, अ‍ॅड लायब्ररी उघडली. कुठल्या पेजच्या कोणत्या जाहिराती चालू आहेत ते तिथे दिसतं. ही सगळ्यांसाठी फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. देश भारत, आमच्या पेजचं नाव, आणि खाली उत्तर: एकही जाहिरात चालू नाही. त्याच दिवशी दुपारी एजन्सीचा मेसेज आला होता की कॅम्पेन जोरात चाललंय.

अ‍ॅड लायब्ररीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडे आपल्यासारख्यांच्या व्यावसायिक जाहिराती तिथे चालू असेपर्यंतच दिसतात, बंद झाल्या की दिसत नाहीत. त्यामुळे महिना संपल्यावर शोधून उपयोग नाही. ‘चालू आहे’ असं सांगतात त्याच दिवसांत अधूनमधून बघायचं आणि तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवायचा. त्यांनी पाठवलेल्या स्क्रीनशॉटला काडीची किंमत नाही. ब्राउझरमध्ये कुठल्याही पानावरचा आकडा दोन मिनिटांत बदलता येतो, भाच्याने मला डोळ्यांदेखत बदलून दाखवला. खर्चाचा पुरावा एकच, जिथून जाहिराती लावतात त्या मेटाच्या साधनातली, म्हणजे अ‍ॅड्स मॅनेजरच्या बिलिंगमधली पावती. प्रत्येक वेळी पैसे कापले गेले की तिथे व्यवहार क्रमांकासह पावती तयार होते आणि ती पीडीएफमध्ये उतरवता येते. आम्ही पावत्या मागितल्यावर “सगळ्या क्लायंटचं एकत्र बिलिंग असतं, वेगळी पावती निघत नाही” असं सांगण्यात आलं. जाहिरातीचं खातं तुमच्या नावावर आणि कार्डही तुमचं असेल तर हा प्रश्नच येत नाही. खरं काम करणारी एजन्सी आपल्याच खात्यात पार्टनर म्हणून येते. तिला लागेल तेवढाच अधिकार द्यायचा आणि कधीही काढून घेता येतो. जीएसटी नोंदणी असेल तर जाहिरातीवरच्या कराचं क्रेडिटही मग आपल्यालाच मिळतं. “खातं आमच्याच नावावर ठेवू, तेच सोपं पडतं,” असं कोणी म्हणालं तर तिथेच उठा.

आम्ही हिशेब मागितला त्या संध्याकाळी इन्स्टाग्राममधून बाहेर फेकले गेलो. पासवर्ड बदललेला, ईमेल त्यांचा. फोनवर भाषाही बदलली. “पेज आमच्या बिझनेस मॅनेजरमध्ये आहे, मॅडम. हँडओव्हर चार्जेस 35,000 भरा, मग बघू.” बिझनेस मॅनेजर म्हणजे पेज आणि जाहिरातींची खाती जिथून सांभाळतात ते मेटाचं साधन. एवढे दिवस ताई होते, त्या संध्याकाळी मॅडम झाले. दिवाळी तोंडावर. जांभळी नाक्यावरून आणलेली डाळ-तांदळाची पोती भाजून, दळून तयार, कारण त्यांच्या त्या 412 मेसेजच्या हिशेबाने आम्ही माल वाढवला होता.

पैसे भरले नाहीत. खातं परत मिळालं ते एका ईमेलमुळे. इन्स्टाग्रामचा ईमेल पत्ता बदलला की जुन्या पत्त्यावर security@mail.instagram.com वरून सूचना येते आणि त्यात तो बदल रद्द करायची लिंक असते. ती सूचना जाऊबाईंच्या जीमेलमध्ये ‘सोशल’ कप्प्यात पडली होती. त्यावरून खातं परत आपल्याकडे घेतलं, पासवर्ड बदलला, टू-फॅक्टर (पासवर्डखेरीज आणखी एक कोड मागणारी सुरक्षा) चालू केलं, बाकीची सगळी लॉगिन बंद केली. असं कोणाचं झालं तर आधी जुना मेलबॉक्स, अगदी स्पॅमसकट, चाळा. त्या पत्त्यावरून आल्यासारखे दिसणारे खोटे मेलही फिरतात, तेव्हा लिंक दाबण्याआधी पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर तपासा. फेसबुक पेज मात्र हातचं गेलं. ते त्यांनीच उघडलं होतं, आमचा त्यावर पूर्ण अधिकार कधी नव्हताच.

त्यांची बिलं भाच्याने जीएसटीच्या पोर्टलवर तपासली. ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये कोणाचाही नंबर टाकून बघता येतं. त्यांची नोंदणी रद्द झालेली होती, आणि आमच्याकडून प्रत्येक महिन्याला 2,700 रुपये जीएसटी म्हणून घेतले होते. फी आणि जाहिराती धरून आमचे एकूण 1,13,100 रुपये गेले.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. पैसे जाऊन जितका कमी वेळ झाला असेल तितकी ते खात्यात गोठवण्याची शक्यता जास्त, म्हणून संशय आला की त्याच दिवशी फोन करा. फसवणुकीला पूर्वी 420 म्हणायचो, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे. आम्ही राहतो ठाण्यात, त्यांचं ऑफिस वाशीत, आणि दोन्हीकडे पोलिस आयुक्तालयं वेगळी. “तिकडे जा” असं ऐकायला लागलं तर सांगा की नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कुठल्याही हद्दीत घडला असला तरी, घ्यावी लागते. सोबत करार, बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सअ‍ॅप चॅट एक्स्पोर्ट करून आणि अ‍ॅड लायब्ररीचे तारीखवार स्क्रीनशॉट न्या. आमची तक्रार दाखल आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

तो सीझन आम्हाला जुन्या गिऱ्हाइकांनी तारला. जाऊबाईंच्या फोनमध्ये वर्षानुवर्षं जमवलेले नंबर होते, त्यांना व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टवरून कळवलं. एका लिस्टमध्ये 256 जण बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, म्हणजे जाईल तो ओळखीच्या माणसालाच. भाजणी बरीचशी संपली. आता रील आम्हीच काढतो, भाजणी कढईत फिरतानाची, आमच्याच ओट्यावरची. परदेशातले फॉलोअर्स हाताने एकेक करून काढतोय, वेळ लागतोय. केकवाली आणि कुर्तेवालीनेही आता तक्रार नोंदवली आहे. ठाणे-नवी मुंबईत आणखी कोणाला असाच अनुभव आला असेल, म्हणजे जाहिरातीचे पैसे एजन्सीच्या खात्यात, पावती नाही, पेज त्यांच्याकडे अडकलेलं, तर रक्कम कितीही लहान असली तरी तुमचीही तक्रार 1930 वर द्या.