बिग बेअरचा गरुड कॅमेरा: अख्खा मोसम बघून झाल्यावर

कॅलिफोर्नियात बिग बेअर तलावाजवळ जेफ्री पाइनच्या झाडावर, जमिनीपासून सुमारे १४५ फुटांवर, जॅकी आणि शॅडो या बाल्ड ईगल जोडीचं घरटं आहे. 'फ्रेंड्स ऑफ बिग बेअर व्हॅली' ही संस्था त्याचं चोवीस तास थेट प्रक्षेपण करते, तेही फुकट. २०२५चा मोसम मी पुण्यात बसून पाहिला.

वेळ आपल्याला फार सोयीची. हिवाळ्यात आपले रात्रीचे आठ म्हणजे तिथले सकाळचे साडेसहा. जेवणं उरकता उरकता तिकडे उजाडतं.

चित्र स्वच्छ. रात्री इन्फ्रारेडमुळे काळंपांढरं दिसतं, पण अंड्यांवर बसलेली जॅकी मान कुठे खुपसून झोपलीय तेही कळतं. वारा सुटला की माइकमध्ये नुसती घोंघों. तेव्हा आवाज बंद केलेला बरा. जवळच्या कॅमेऱ्याबरोबर लांबून झाड दाखवणारा दुसराही आहे. त्याकडे फारसं कुणी बघत नाही, पण गरुड फांदीवर कसा उतरतो ते खरं त्यातच दिसतं.

जानेवारीत तीन अंडी, मार्चच्या सुरुवातीला तीन पिल्लं. २०२२नंतर या घरट्यात पिल्लू जगलं नव्हतं, त्यामुळे उत्सुकता होतीच. मग मार्चच्या मध्यावर हिमवादळ आलं आणि त्यानंतर दोनच पिल्लं दिसली. मदतीला कुणी झाडावर चढत नाही, आणि चढूही नये. हे पचणार नसेल तर हा कॅमेरा लावू नका. उरलेली दोघं, सनी आणि गिझ्मो, जूनमध्ये उडाली.

करमणूक म्हणाल तर काटक्यांची. शॅडो एखादी लांबलचक काटकी आणतो, जॅकी ती उचलून दुसरीकडे ठेवते, तो परत ओढतो. दिवाळीच्या साफसफाईत कपाट हलवणारं जोडपंच. मादी अंगाने मोठी, त्यामुळे शेवटी चालतं तिचंच.

फोटोग्राफीला झालेला फायदा मात्र अनपेक्षित. झेपावण्याआधी पक्षी पुढे झुकतो, बरेचदा विष्ठा टाकतो. हे इतक्यांदा पाहिल्यावर भिगवणला खांबावर बसलेल्या घारीवर लेन्स रोखताना बोट आपोआप वेळेवर दाबलं जातं. आणि शिक्र्याच्या घरट्याखाली कॅमेरा घेऊन ताटकळायची हौस संपली. घरट्यातलं सगळं इथे दिसतं, तेही पक्ष्याला न बुजवता.

बघायचंच असेल तर जानेवारीपासून बघा. थेट पिल्लांच्या वेळी येणाऱ्याला अंडी उबवण्याची ती कंटाळवाणी, बर्फात बसून काढलेली पाळी दिसतच नाही. आणि शेजारची चॅटची खिडकी बंद ठेवा.