हनस्पेल: ‘कोथरूडला’ आणि ‘कोथरुडात’, दोन्ही ओळखणारी शब्दयादी

लिबरऑफिस आणि फायरफॉक्समध्ये चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ उमटते, तिच्यामागे हनस्पेल हे शुद्धलेखन तपासणारे सॉफ्टवेअर असते. नेमेथ लास्लो यांनी ते मुळात हंगेरियनसाठी लिहिले. हंगेरियनही शब्दाला प्रत्यय चिकटवणारी भाषा, त्यामुळे मराठीला ते मानवते. पैसे पडत नाहीत, नियम साध्या मजकूर फाइलीत राहतात, हवे तेव्हा दुरुस्त करता येतात. पुण्यातल्या कुठल्याही प्रकाशकाने किंवा मुद्रितशोधकाने स्वतःची शब्दयादी बांधायला घ्यावी, इतके ते चांगले आहे. मात्र यादी कशी लावता, यावर सगळे अवलंबून.

फाइली दोन. डिक फाइलीत शब्द, ॲफ फाइलीत प्रत्ययांचे नियम. डिकच्या पहिल्या ओळीत शब्दसंख्या लागते, ती विसरली की फाइल उघडतानाच तक्रार येते. ॲफमध्ये ‘सेट यूटीएफ-८’ आणि ‘फ्लॅग नम’ या दोन ओळी आधी टाका, म्हणजे वर्गांना, म्हणजे सारखेच प्रत्यय घेणाऱ्या शब्दांच्या गटांना, अक्षरांऐवजी क्रमांक देता येतात. १०० च्या घरात पुल्लिंगी, २०० त स्त्रीलिंगी, ३०० त नपुंसकलिंगी, ४०० त गावे असे वाटून घेतले की सहा महिन्यांनी फाइल उघडली तरी कळते. फाइलीत हे आकडे इंग्रजीच हवेत.

पुस्तकांतून आणि वर्तमानपत्रांतून मिळेल तो शब्द गोळा करून यादी फुगवणे ही सर्वांत मोठी चूक. घर, घरात, घरातला, घरातल्यांना, घरातच अशा ओळी वाढत जातात, तरी ‘घरातल्यांनाही’ राहूनच जाते. अशी यादी आवळून देणारे ॲफिक्सकॉम्प्रेस हे साधन हनस्पेलसोबत येते. पण ते पाडते ते वर्ग अक्षरांच्या सारखेपणावरून पडतात, व्याकरणावरून नाही. त्यात पुढे माणसाला हात घालता येत नाही.

यादी लावायची ती सामान्यरूपाप्रमाणे, म्हणजे प्रत्यय लागताना शब्द कसा बदलतो त्याप्रमाणे. ‘घर’ला काही न काढता ‘ात’ जोडायचे. ‘शाळा’तला काना काढून ‘ेत’. ‘पाणी’ची वेलांटी किंवा ‘पुणे’ची मात्रा काढून ‘्यात’. ॲफमधल्या प्रत्येक एसएफएक्स (प्रत्यय-नियमांच्या) गटाच्या शीर्षओळीत नियमांची संख्या असते. नवा नियम घातला की ती वाढवा, नाहीतर गट बिघडतो.

खरी परीक्षा ह्रस्व-दीर्घाची. उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातले, ई-ऊ सामान्यरूपात ह्रस्व होतात, तत्सम शब्दांत होत नाहीत: विहीर-विहिरीत, पण शरीर-शरीरात. शब्द तत्सम आहे की नाही हे हनस्पेलला अक्षरांवरून समजणार नाही. ते तुम्हीच वर्गाने सांगायचे. शिवाय बदल शेवटच्या व्यंजनाच्या अलीकडे होतो आणि काढायचे अक्षर नियमात जसेच्या तसे लिहावे लागते, म्हणून ‘गरीब’साठी ‘ीब’, ‘वकील’साठी ‘ील’ अशी व्यंजनागणिक वेगळी ओळ लागते. ‘लाकूड’ आणि ‘कोथरूड’ यांचा शेवट एकच, पण लाकडात आणि कोथरुडात. एका वर्गात कोंबलेत तर ‘कोथरडात’ बिनबोभाट पास होईल. गावांना आणखी एक वर्ग लागतो, कारण ‘कोथरूडला’, ‘नागपूरला’ यांत ऊकार दीर्घच राहतो.

प्रत्ययावर प्रत्यय दोनच थर चढतात. मराठीला ते अपुरे आहेत, आणि हनस्पेलची मोठी उणीव हीच. उपाय एकच: ‘ातल्यांना’सारखे जोडप्रत्यय पहिल्या थरात पूर्ण लिहा आणि दुसरा थर फक्त ‘च’ आणि ‘ही’साठी राखा. नियम शेकड्यांनी होतात, पण एकदाच लिहायचे असतात.

शब्द भरण्याआधी साफसफाई हवीच. ‘दुःख’मध्ये विसर्गाऐवजी कोलन टंकलेला शब्द यादीत शिरला, तर चुकीलाच मान्यता मिळते. कोलन शोधून एकूण एक बदला. ‘सुऱ्या’तला ऱ काही फाइलींत यू+०९३१ असतो, काहींत साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, हनस्पेलला दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चेही तेच: एकसंध यू+०९७२ किंवा अ आणि चंद्र. एक रूप ठरवा, दुसरे ॲफमधल्या आयकन्व्ह ओळींनी त्यात वळवा. श्री-लिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांतला मजकूर आधी रूपांतरित केल्याशिवाय तपासायला घेऊ नका.

शब्दांचा क्रम हनस्पेलला चालेल तसा. युनिकोडच्या क्रमाने लावल्यास ळ हा व च्या आधी येतो, कोशातल्यासारखा ह नंतर नाही. हाताने शब्द शोधताना हे ध्यानात असू द्या.

ॲफ फाइल हाताळायची नसेल त्यांना लिबरऑफिसचा वैयक्तिक शब्दकोश पुरेल. भाषा मराठी निवडून ‘वारजे’ भरा आणि नमुना-शब्दाच्या रकान्यात ‘पुणे’ लिहा. मूळ कोशात ‘पुणे’ला वर्ग दिलेला असेल, तर ‘वारज्यात’, ‘वारज्याहून’ आपोआप चालू लागतात. ही सोय आवृत्ती ६.० पासून आहे आणि तिचा वापर फारच कमी होतो.

यादी तयार झाली की एखादे पूर्ण पुस्तक हनस्पेलच्या ‘-एल’ पर्यायातून काढा. अनोळखी शब्दांची यादी मिळेल. ती वारंवारतेने लावून वरचे दोनशे शब्द तपासा: एकतर वर्ग चुकलेला सापडेल, नाहीतर पुस्तकातली चूक.